दोन सूत

सोहारच्या सनैयात, तिसऱ्या गल्लीत,
सकाळी सातलाच पाना हातात धरवत नाही.
हमूद बिन खलफानची एकोणऐंशीची पिकअप
चार ठोकळ्यांवर उभी.
रंग झालाय. फिकट पिवळा,
आरशामागचा जुना रंग बघून जुळवलेला.
पण दार लागत नाही.

लागतं म्हणजे लागतं,
खांद्याने रेटलं की.

गुलरेज म्हणतो, बिजागरीत लाकूड घाल
आणि दे एक झटका,
सगळी सनैया असंच करते.
मी फट मोजतो.
दाराच्या वरच्या कोपऱ्यात बोट जातं,
खालच्या कोपऱ्यात ब्लेडचं पातंसुद्धा नाही.
केबिन आणि मागचा हौदा, त्यांच्यामधली फट
खाली चार सूत, वर दोन.

"मिलिमीटरमध्ये बोल," गुलरेज ओरडतो.
नाही येत मला. म्हणजे येतं,
पण हर्णैला बाप होड्या बांधायचा,
त्याच्या तोंडी सूतच:
सूतभर कमी, दीड सूत जास्त,
आणि फळी बसली की
काहीच बोलायचा नाही.

दाराला मी हात लावत नाही.
दार नुसतं कण्हतं,
दुखतं दुसरीकडे.
पुठ्ठा टाकून गाडीखाली सरपटतो.

केबिनखालची चारी रबरं मीच बसवली, गेल्या आठवड्यात,
बँकॉकहून आलेली, एका उंचीची, काळी कुळकुळीत.
जुनी काढली तेव्हा डाव्या मागच्या रबराखाली
चार नाणी निघाली होती,
गंजात एकमेकांना चिकटलेली.
कुणा आळशाचं काम, म्हणून हसलो होतो.
ग्रीसच्या डब्यात टाकली.

चासीवर दोरी ताणतो,
कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत.
दोन्ही कर्ण सारखे.
मग पाण्याची नळी धरतो.
तीन कोपऱ्यांत पाणी खुणेवर.
डावीकडे मागे, खुणेच्या दोन सूत वर.

म्हणजे लोखंड तिथे बसलंय.
कधीतरी, कुठल्यातरी वादीत,
कशाच्या तरी ओझ्याखाली.
आणि मी त्यावर नवं कोरं सरळ रबर ठेवलं.
वाकडेपणा मग वर चढत गेला,
पार दाराच्या कोपऱ्यापर्यंत.

दुपारी नमाज झाल्यावर हमूद येतो, काठी टेकत.
विचारतो त्याला, ती नाणी कुणाची?
"माझीच की. इब्रीच्या रस्त्यावर.
लिंबांनी भरली होती, खड्ड्यात गेली.
एक हिंदी मिस्त्री होता, पार्ट नव्हता त्याच्याकडे.
म्हणाला, सुटे आहेत का?
मला वाटलं, चहाला मागतोय."
मग जरा थांबून,
"मजुरी वेगळी घेतली हं त्याने."

डबा उपडा करतो. पेट्रोलने धुतो.
पंचवीस बैसाची चार,
एकावर खंजीर अजून शाबूत.
व्हर्नियरमध्ये धरतो, गुलरेजसाठी:
पाच पूर्णांक आठ.
दोन सुताला जेमतेम केसभर कमी.
रस्त्याकडेला व्हर्नियर होतं का त्या माणसाकडे?
असेल. नाहीतर अंगठ्याचं नख.

चारी बोल्ट ढिले करतो.
जॅकवर लाकडाचा ठोकळा, पत्रा चेपू नये म्हणून.
केबिन कुरकुरते, उठते.
नाणी सरकवतो, होती तिथेच, होती तशीच.
आधी सगळे बोल्ट हाताने,
मग पान्याने, थोडे थोडे, आळीपाळीने.
एकाला एकदम आवळायचं नाही.
उरलेल्यांना ते कळतं.

बिलावर लिहितो: रबरं, रंग, मजुरी.
नाण्यांपुढे पेन अडतो.
शंभर बैसा, एका कडक चहाचे.
"गिऱ्हाइकाचा माल" असं लिहून
रकाना रिकामा सोडतो.

दार आता एका बोटाने लागतं.
फट वरपासून खालपर्यंत सारखी,
बाप असता तर गप्प बसला असता.
हमूद बघतो, मान हलवतो,
काठी माझ्याकडे देतो,
दार उघडतो, आणि कितीक वर्षांच्या सवयीने
खांदा लावून असं रेटतो
की आतली काच
खडखडत दाराच्या पोटात उतरते.

गुलरेज दुसरीकडे बघतो.
ठीक आहे. उद्या काच.